एक काम, चार गावे

देवास शहराची एक जुनी हकिकत माळव्यातील मराठी घरांत अजूनही सांगितली जाते. पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इकडे आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी हे संस्थान मिळून उभारले व मिळूनच चालविले. पुढे १८४१ साली कारभार विभागला जाऊन थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन स्वतंत्र संस्थाने झाली. वाटणी मात्र इतकी गुंतागुंतीची की, खुद्द राजधानीतल्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबारच्या अमलाखाली, तर समोरची बाजू दुसऱ्या दरबारच्या. पाण्याची सोय निराळी, दिवाबत्ती निराळी. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि ही दुहेरी व्यवस्था इतिहासजमा झाली.

ही हकिकत आठवण्याचे कारण आजच्या काळातले आहे. आपल्या घरांतील तरुण मुलेमुली हल्ली ज्या व्यवसायात मोठ्या संख्येने आहेत, त्या संगणकाच्या व्यवसायात हा देवासचा रस्ता रोज नव्याने तयार होत असतो. चार जण मिळून एकच संकेतस्थळ उभे करीत असतात. परंतु प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पाणी निराळे आणि दिवाबत्ती निराळी. एकाच्या यंत्रावर उत्तम चालणारे काम दुसऱ्याच्या यंत्रावर पाऊलही टाकीत नाही. मग ‘माझ्याकडे तर चालते आहे’ हे वाक्य उच्चारले जाते. या धंद्यात याच्याइतके निरुपयोगी आणि तरीही याच्याइतके वारंवार कानी पडणारे दुसरे वाक्य नसेल.

देवास जिल्ह्यातील बागली हे तहसिलीचे गाव डोळ्यांपुढे ठेवून आम्ही या विषयाकडे पाहात आहोत. माळव्याचे पठार जिथे संपत येते आणि विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वाट जाते, त्या कडेवर हा प्रदेश वसलेला आहे. काली सिंध नदीचा उगम याच तहसिलीतला. काळी जमीन, सोयाबीन आणि गहू, आठवड्याचा बाजार, असे इथले जीवन. संस्थानी काळात बागलीला स्वतःचे ठाकूर होते. मराठी वस्तीचे बळ मात्र देवास, धार आणि इंदूर या शहरांत. या परिसरातला मुलगा शिकला की इंदूरला जाई, तिथून पुण्याला किंवा बंगळूरला, आणि मग दिवाळीपुरता घरी येई. २०२० च्या टाळेबंदीत हा क्रम काही काळ उलटला. शहरांतली कार्यालये बंद झाली आणि असंख्य तरुण लॅपटॉप बगलेत मारून आईवडिलांच्या घरी परतले. माजघरात बसून परगावचे काम करता येते, हे तेव्हा पहिल्यांदा घरच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे कार्यालये उघडली, बहुतेक जण परत गेले. तरीही एक प्रश्न घराघरांत राहून गेला: चांगले काम करायचे तर गाव सोडलेच पाहिजे काय?

याचे उत्तर केवळ लॅपटॉप आणि इंटरनेट यांवर अवलंबून नाही, असे आमचे मत आहे. एकट्या माणसाने घरी बसून करण्याजोगे काम थोडे असते. मोलाचे काम चौघांनी मिळून करावयाचे असते. तेव्हा चार गावांतल्या चौघांची मिळून एक कामाची जागा होऊ शकते काय, आणि ती कशी होते, हे समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या परिभाषेत तिला सामाईक डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आपण तिला सामाईक कार्यपरिसर म्हणू.

प्रथम हा परिसर म्हणजे काय ते पाहू. संकेतस्थळाची आज्ञावली म्हणजे कागदावर लिहिलेली पाककृती समजा. कृती एकच असली तरी इंदूरच्या गव्हाची कणीक निराळी आणि पुण्याच्या गव्हाची निराळी. कुणाची शेगडी मंद, कुणाची प्रखर. पुरण तेच, पण एका घरची पोळी लुसलुशीत होते आणि दुसऱ्या घरची फाटते. आज्ञावलीच्या भोवतीची ही कणीक, शेगडी आणि पाणी म्हणजे तिचा परिसर: संगणकाची मूळ कार्यप्रणाली कोणती, ज्या भाषेत आज्ञावली लिहिली तिची आवृत्ती कोणती, माहिती साठविणारा डेटाबेस कोणता, त्याची मांडणी कशी, आणि इतरांनी लिहिलेले जे शेकडो तयार तुकडे वापरले आहेत ते नेमके कोणते.

फरक किती बारीक असतो आणि त्याने किती मोठे नुकसान होते, याचे उदाहरण आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीतूनच घेऊ. समजा, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी मंडळाला आपली वधूवर सूची संगणकावर आणावयाची आहे. काम चौघांनी वाटून घेतले: एक बागलीत, दोघे देवासला, एक धारला. बागलीच्या मुलीने लॅपटॉपवर नावनोंदणीचे पान तयार केले. नाव, गोत्र, गाव, सारे देवनागरीत उत्तम उमटले. तेच पान देवासच्या यंत्रावर चढविले आणि गोत्राच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसू लागली. घडले ते असे: देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आज सर्वत्र रूढ असलेल्या युटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट जागा घेते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची जुनी आवृत्ती, वेगळे सांगितले नाही तर, आपली कोठारे लॅटिन लिपीपुरतीच मांडीत असे. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून मात्र ती जगातल्या सर्व लिप्यांना जागा होईल अशी मांडणी आपणहून करू लागली. बागलीच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती होती, देवासला जुनी. आणि यातली खरी दुःखाची गोष्ट अशी की, एकदा अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले गेले की मूळ अक्षर परत मिळत नाही.

दुसरा फरक वेळेचा. दूरदेशीचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. एखाद्या अननुभवी हाताने जन्मतारीख ‘त्या दिवशीची मध्यरात्र’ अशी साठविली तर जागतिक वेळेत ती आदल्या दिवशीची सायंकाळचे साडेसहा होते, आणि पत्रिका पाहणाऱ्या घरी मुलीची जन्मतारीख एक दिवस अलीकडची जाते. लॅपटॉपवर भारतीय वेळ लावलेली असल्यामुळे तिथे हा दोष कधी दिसतच नाही! तिसरा फरक त्याहून क्षुल्लक. विंडोज प्रणाली धारिकेच्या रोमन नावात मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद मानीत नाही. बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात ती लिनक्स प्रणाली मानते. धारच्या मुलाने नावाचे पहिले अक्षर मोठे लिहिले आणि बोलाविताना लहान लिहिले. घरी चालले, सर्व्हरवर ‘पान सापडत नाही’.

अशा फरकांकडे कुणी किरकोळ म्हणून पाहू नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या पेढीने नवी आज्ञावली आठ सर्व्हरवर चढवावयाची होती; ती सातांवर चढली आणि आठव्यावर जुनीच राहिली. बाजार उघडल्यावर त्या एका यंत्राने चुकीच्या मागण्यांचा पाऊस पाडला आणि सुमारे ४५ मिनिटांत पेढीचे ४४ कोटी डॉलरच्या घरात नुकसान झाले. यंत्र बिघडलेले नव्हते. ते बाकीच्या सातांसारखे नव्हते, एवढेच.

यावर उपाय काय? सहज सुचणारा उपाय असा की, सर्वांनी एकाच यंत्रावर काम करावे. एक सर्व्हर ठेवावा, चौघांनी आपापल्या घरून त्याला जोडून घ्यावे आणि तिथल्याच धारिका उघडून लिहावे. लहान गट अजूनही असे करतात. याने परिसर एक होतो हे खरे. परंतु दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली ही की, एकाच धारिकेवर दोघांनी हात घातला तर जो शेवटी जतन करील त्याचे राहते आणि दुसऱ्याची दुपारभराची मेहनत मुकाट्याने पुसली जाते. दुसरी अडचण आपल्या भागाला अधिक जाणवणारी आहे, आणि तिची साक्ष धार जिल्ह्याने साऱ्या जगाला दिली आहे.

इंदूरच्या पलीकडे असलेल्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ नावाची योजना सुरू झाली. जिल्हा पंचायतीच्या इमारतीत एक सर्व्हर, आणि खेड्यापाड्यांत ‘सूचनालय’ नावाची संगणककेंद्रे; आरंभी वीसेक, पुढे त्याहून अधिक. टेलिफोनच्या तारेने ही केंद्रे धारच्या सर्व्हरला जोडलेली. प्रत्येक केंद्रावर गावचाच एक शिकलेला तरुण ‘सूचक’ म्हणून बसे. त्याला पगार नव्हता; सेवेसाठी मिळणाऱ्या शुल्कावर त्याने आपले केंद्र चालवावयाचे. शेतकऱ्याने पाच रुपये द्यावेत आणि निरनिराळ्या मंड्यांतले भाव पाहावेत, दाखल्यासाठी अर्ज करावा, तक्रार नोंदवावी. सारे हिंदीतून. इंटरनेट हा शब्द शहरातही पुरता रुळला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पवारांच्या धारचे नाव स्वीडनमध्ये घेतले गेले, याचा त्या वेळी माळव्यातील मराठी माणसाला झालेला आनंद स्वाभाविक होता.

पुढे २००२ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी या योजनेची पाहणी केली. केंद्रांचा वापर अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी होता. वीज वेळी-अवेळी जाई आणि टेलिफोनची जोडणी भरवशाची नव्हती. सूचनालयात जे होते ते सारे धारच्या सर्व्हरच्या जोरावर. तार तुटली की गावातला संगणक म्हणजे काचेची पेटी. योजना आखणाऱ्यांची बुद्धी आणि तळमळ यांविषयी आम्हांला आदरच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी याहून निराळे करणे फारसे शक्यही नव्हते. परंतु तो अनुभव आज बागलीत काम करू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. सामाईक जागा म्हणजे दूरचे एक यंत्र, अशी व्यवस्था केली तर पावसाळ्यातल्या पहिल्या वादळात बागलीची मुलगी हातावर हात ठेवून बसेल आणि इंदूरचा मालक म्हणेल, ‘खेड्यातल्या माणसाचा भरवसा नाही.’

इथेच गिट नावाच्या साधनाचे महत्त्व कळते. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. लिनक्सची आज्ञावली जगभरचे हजारो लोक मिळून लिहितात. त्यांची सामाईक दप्तरव्यवस्था ज्या साधनावर चाले, त्याचा फुकट वापर त्याच्या मालकांनी त्या वर्षी थांबविला, म्हणून हे नवे साधन घाईने उभे राहिले. त्याची पद्धत आपल्या पेढीवरच्या किर्दीसारखी आहे. केलेला प्रत्येक बदल नोंद म्हणून लिहिला जातो: कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला. चूक झाली तर खाडाखोड करावयाची नाही, उलट नोंद घालून दुरुस्त करावयाची, असा चांगल्या गटांतला शिरस्ता. पेढीच्या किर्दीहून फरक इतकाच की, ही किर्द एका गादीवर नसते. चौघांपैकी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत संपूर्ण दप्तर असते. जोडणी नसताना बागलीत दिवसभर काम करावे, नोंदी कराव्यात, आणि रात्री जोडणी आली की इतरांच्या नोंदींशी मेळ घालावा. दोघांनी एकाच ओळीत बदल केला असेल तर गिट थांबते आणि विचारते, यातले कोणते ठेवू? मुकाट्याने कुणाचेही पुसत नाही. जोडणी आठवडाभर नसली तर नोंदींचे गाठोडे बांधून पेन ड्राइव्हवर घालावे आणि देवासला जाणाऱ्या बसमधल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावे, हेदेखील या साधनात शक्य आहे. त्याला शब्दशः ‘गाठोडे’ याच अर्थाची आज्ञा आहे!

मात्र गिटने आज्ञावली सांभाळली. परिसर सांभाळला नाही. पाककृती सर्वांकडे एक झाली, कणीक आणि शेगडी निराळीच राहिली. ती उणीव २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉकर या साधनाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी पुष्कळ अंशी भरून काढली. कल्पना सोपी आहे. परिसराचे वर्णन एका लहानशा धारिकेत लिहावयाचे: अमुक लिनक्स, अमुक भाषेची अमुक आवृत्ती, डेटाबेस अमुक, लिपीची मांडणी अशी, घड्याळ असे. ही धारिका आज्ञावलीच्या दप्तरातच ठेवावयाची. जो कोणी ती चालवील त्याच्या यंत्रावर, मग ते विंडोजचे असो की आणखी कशाचे, त्याच वर्णनाची एक बंदिस्त खोली उभी राहते आणि काम त्या खोलीत चालते. एखादी गोष्ट बदलावयाची तर त्या धारिकेत बदलावी; तिचीही किर्दीत नोंद होते; दुसऱ्या दिवशी चौघांच्या खोल्या सारख्याच बदलतात. देवनागरीचे प्रश्नचिन्ह होणार असेल तर ते बागलीतच, पहिल्या दिवशी, मुलीच्या डोळ्यांदेखत होईल. दोष लवकर आणि घरी दिसणे, याहून मोठा लाभ कोणता?

या व्यवस्थेत सामाईक काय झाले ते पाहण्याजोगे आहे. यंत्र सामाईक नाही, तार सामाईक नाही. परिसर कसा असावा याविषयीचा लेखी करार सामाईक आहे. ज्ञानदूताच्या गावांना धारच्या सर्व्हरची वाट पाहावी लागे. इथे प्रत्येक गावाला आपापला सर्व्हर मिळाला, तोही तंतोतंत एकसारखा.

बागलीसारख्या जागी यात एक व्यावहारिक अडचण येते. खोली उभी करण्यासाठी लागणारे सामान पहिल्यांदा इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागते आणि त्याचा आकार शेकडो मेगाबाइट, कधी त्याहूनही अधिक असतो. मोबाइलच्या जोडणीवर ते उतरविता उतरविता दिवसाचा कोटा संपतो. शहाणे गट यासाठी जिथे जोडणी चांगली आहे अशा एका घरी सामान एकदाच उतरवितात आणि त्याची प्रत इतरांना देतात. बाहेरच्या तयार तुकड्यांचीही आपल्याजवळ प्रत ठेवणे इष्ट. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने रागाच्या भरात आपला अवघ्या ११ ओळींचा तयार तुकडा सार्वजनिक कोठारातून काढून घेतला आणि त्याच्यावर विसंबलेली हजारो कामे जगभर अडून बसली. अकरा ओळी! आपल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. उसनवारीविषयी आजीने जे सांगितले तेच यात आहे, फक्त इंग्रजी कपडे घालून.

लॅपटॉप जुना आणि स्मरणशक्ती तोकडी असेल तर डॉकर धापा टाकतो, हेही सांगितले पाहिजे. चार जणांत एकाचेच यंत्र दुबळे असेल तर सर्वांनी वर्गणी काढून त्याची स्मरणशक्ती वाढवून घ्यावी, हे नव्या सर्व्हरपेक्षा स्वस्त पडते.

सामाईक सर्व्हर मग लागतच नाही काय? लागतो; परंतु लिहिण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. चौघांचे काम एकत्र जुळल्यावर ते कसे दिसते, हे मंडळाच्या चिटणीसांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना दाखविण्यासाठी एक परीक्षेची जागा हवी. असा लहान सर्व्हर महिन्याला काही शे रुपयांत भाड्याने मिळतो. त्याच्यापलीकडे तिसरी जागा, जिथे प्रत्यक्ष लोक येतात ती. घरची जागा, परीक्षेची जागा आणि लोकांची जागा, या तीन एकसारख्या असाव्यात, परंतु एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या असाव्यात. या वेगळेपणाचे महत्त्व ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीला कळले. ज्या कंपनीचा धंदाच इतरांच्या आज्ञावल्या सांभाळण्याचा, तिच्या एका थकलेल्या अभियंत्याने रात्री दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसतो आहोत अशा समजुतीने मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती काही क्षणांत गेली. राखीव प्रतींच्या निरनिराळ्या व्यवस्था कागदोपत्री होत्या. त्या वेळी एकही उपयोगी पडली नाही. अखेर सहा तासांपूर्वी परीक्षेच्या जागेसाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावरून कारभार पुन्हा उभा राहिला. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने ही सारी हकिकत लपवून न ठेवता जगापुढे मांडली, त्या अभियंत्याचा बळी दिला नाही, हे आम्हांला त्यातले विशेष वाटते.

आता जो मुद्दा आमच्या मते सर्वांत नाजूक आहे त्याकडे येतो. परीक्षेच्या जागेत खरी माहिती घालावी काय? काम करणाऱ्याला मोह होतो, कारण खरी सूची तयार असते आणि खोटी तयार करावयाला कष्ट पडतात. परंतु वधूवर सूचीत काय असते याचा विचार करा. मुलीचे नाव, वय, शिक्षण, वडिलांचा दूरध्वनी, घराचा पत्ता, कधी छायाचित्र. ही माहिती चार लॅपटॉपवर आणि एका सैल कुलुपाच्या परीक्षा-सर्व्हरवर पसरली की ती कुठे जाईल याचा नेम नाही. ज्या आईवडिलांनी मंडळावर विश्वास ठेवून ती दिली, त्यांना हे कोणी विचारलेलेही नसते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत केला आहे. पण कायदा नसता तरीही हे अयोग्यच ठरले असते. म्हणून परिसराच्या दप्तरातच शेपन्नास काल्पनिक नावांची सूची तयार ठेवावी. तीत आडनावे आपल्याकडची असावीत, जोडाक्षरे भरपूर असावीत, र्‍हस्वदीर्घ असावे, एखादे नाव फार लांब असावे, म्हणजे पानाची खरी परीक्षा होते. ‘र्‍ह’ नीट उमटला तर बाकीचे बहुधा उमटते.

तीच गोष्ट परवलीच्या शब्दांची. ते दप्तरात लिहून ठेवू नयेत. दप्तराच्या बाहेर, प्रत्येक जागेचे वेगळे, असे असावेत. उबर या टॅक्सी-सेवेच्या अभियंत्यांनी सर्व्हरच्या किल्ल्या आपल्या खाजगी दप्तरात ठेवल्या होत्या. २०१६ मध्ये चोरांनी ते दप्तर उघडले आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. किर्दीत खाडाखोड न करण्याचा गुण इथे उलटतो: एकदा लिहिलेली किल्ली नंतर पुसली तरी जुन्या पानावर राहते आणि दप्तर प्रत्येकाकडे असते. तेव्हा किल्ली लिहिली गेलीच, तर कुलूपच बदलावे.

यंत्रांचे इतके झाले, माणसांचे राहिले. चांगल्या गटात कुणाचेही काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य दप्तरात जात नाही. ऐकायला सोपे वाटते. परंतु आपल्या घरांत धाकट्याने थोरल्याच्या अक्षराला चूक म्हणावे ही रीत नाही. बागलीची बावीस वर्षांची मुलगी देवासच्या दहा वर्षे अनुभवी दादाच्या कामात दोष पाहते आणि ‘दादांनी लिहिले आहे तर असेल बरोबर’ म्हणून गप्प बसते. जन्मतारखेचा दोष असाच पुढे जातो. यावर आम्हांला कळलेला उपाय साधा आहे: पहिले काही आठवडे थोरल्याने आपले काम धाकट्याकडे वाचावयाला द्यावे आणि निदान एक शंका लिहून पाठविल्याशिवाय ते परत घेऊ नये. शंका लेखी असावी आणि मराठीत असली तरी हरकत नाही. आज्ञावली इंग्रजी अक्षरांत असते म्हणून तिच्याविषयीचे बोलणेही मोडक्या इंग्रजीत असलेच पाहिजे, हा समज निराधार आहे. चौघांना ज्या भाषेत नेमके बोलता येते त्या भाषेत बोलावे. माळव्यात ती अर्धी मराठी, अर्धी हिंदी असते, तिच्यातही शंका उत्तम विचारता येतात.

आणखी एक. प्रत्येक गटात सगळे माहीत असलेला एक जण असतो. सर्व्हर कुणाकडून भाड्याने घेतला, नाव-नोंदणीचे नूतनीकरण केव्हा, राखीव प्रत कुठे जाते, हे त्याच्याच डोक्यात. त्याला पुण्याला नोकरी लागते, किंवा त्याचे लग्न होते, किंवा तो नुसता आजारी पडतो, आणि काम थांबते. आपल्या मंडळांच्या कोषाध्यक्षांच्या बाबतीत वाचकांनी हे पाहिलेले असेल. म्हणून सामाईक परिसराच्या दप्तरात एक साधा कागद असावाच लागतो: नव्या माणसाने पहिल्या दिवशी काय काय करावे. गिट बसवावे, डॉकर बसवावा, दप्तराची प्रत घ्यावी, ही आज्ञा द्यावी, मग हे पान दिसेल, त्यात ही काल्पनिक सूची दिसेल, दिसली नाही तर अमुक पाहावे. तो कागद ज्याला सगळे माहीत आहे त्याने लिहिला तर अपुरा राहतो, कारण त्याला जे सहज वाटते ते तो लिहीत नाही.

तेव्हा कागदाची परीक्षा अशी करावी. गटात नवा मुलगा किंवा मुलगी आली की तो कागद हाती द्यावा आणि सांगावे की, अर्धा दिवस कुणालाही दूरध्वनी करावयाचा नाही. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. सायंकाळी त्या खुणांच्या जागी नव्या ओळी लिहाव्यात, त्याही त्या नव्या माणसाच्याच हाताने, आणि दप्तरातली त्याची पहिली नोंद तीच असू द्यावी.